दोन पट्ट्या खाली

फिलू टीचर कुठलंही गाणं पहिल्यांदा आवाज बंद करून बघायच्या. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ लावायचा आणि आवाज पार शून्यावर. पडद्यावर गायिका तोंड उघडतेय, हात पसरतेय, मागे दिवे फिरतायत, आणि खोलीत फक्त एसीची घरघर. तीन-साडेतीन मिनिटं त्या तिच्या खांद्यांकडे, मानेकडे, जबड्याकडे बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "आता ऐकू या. कुठे दुखतंय ते कळलं."

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई विक्षिप्त आहे. माझी मुलगी सई तेव्हा आठवीत होती. तिला इंग्रजी गाणी शिकायची होती आणि दोह्यातल्या आमच्या अल सद्दच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी टीचरचं नाव सुचवलं होतं. त्या मुऐदरला राहायच्या, एका व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन खोल्यांत. शुक्रवारी सकाळी त्या चर्चला जायच्या, तिथल्या गायकवृंदातल्या मुलांकडून गाणी बसवून घ्यायच्या, आणि दुपारी घरी पाच मुलांचा क्लास घ्यायच्या. मी सईला सोडायला जायचो. मेट्रोची खोदाई चालू होती, त्यामुळे मागच्या शुक्रवारचा रस्ता या शुक्रवारी नसायचा. परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा मी तिथेच दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचो. चार वर्षं बसलो. म्हणून एवढं लिहू शकतोय.

टीचर मूळच्या वसईच्या. घरची बोली वेगळी. फोनवर बहिणीशी बोलायला लागल्या की मला निम्मं कळायचं नाही. आमच्याशी मात्र शाळेतली, धुतलेली मराठी. एका दवाखान्यात कामगारांच्या फुप्फुसांची चाचणी घ्यायची, ही त्यांची नोकरी. माणसाने नळीत जोर लावून फुंकायचं, यंत्र त्याचा आलेख काढतं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची कामं निघाली होती, बसच्या बस भरून माणसं यायची. प्रत्येकाला त्या ओरडून सांगायच्या, "भरो, भरो, भरो, अब छोडो! और, और, और!" तेच शुक्रवारी आमच्या पोरांना. लांब सूर धरला की टीचर बोटाने हवेत रेघ ओढत म्हणायच्या, "और, और, और!" पोरं हसायची आणि सूर तुटायचा.

"घाबरलेला माणूस खांद्याने श्वास घेतो," त्या मला एकदा म्हणाल्या. "त्याला वाटतं, भरपूर घेतला. रोज बघते मी. एवढा मोठा गडी, छाती ही अशी, आणि कागदावर काहीच नाही. गाणाऱ्यांचं पण तेच. खांदे वर गेले की समजा, आत हवा नाही, भीती आहे."

म्हणून "खांदे खाली" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. दुसरा नियम श्वासाचा. गाताना श्वास घेतल्याचं ऐकू आलं तर तो श्वास चुकला. "चोरासारखा घ्यायचा," त्या म्हणायच्या. "घरात शिरला, सामान घेतलं, गेला. कुत्रा भुंकता कामा नये." सई घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर चोरासारखे श्वास घेत बसायची आणि तिची आई, वैशाली, विचारायची, "हिला दमा झालाय का?"

क्लासमध्ये "छान" हा शब्द वापरायला बंदी होती. एखाद्या पोराने म्हटलंच, तर टीचर त्याला उभं करायच्या. "छान म्हणजे कुठे छान? घशात छान की पोटात छान? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणतोस का?" मग कागद यायचे. दवाखान्यात आलेखाचे कागद वाया जात, ते त्या विचारून घरी आणायच्या. कोऱ्या बाजूवर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे निळ्या पेनने चांगलं, उजवीकडे लाल पेनने उणं. निळी बाजू भरल्याशिवाय लाल पेनला हात लावायचा नाही. "आधी माणसाचं काय चालतंय ते बघायचं," टीचर म्हणायच्या. "बिघाड काय, कोणालाही दिसतो."

त्यांनी स्वतःचाही असा कागद केला होता आणि तो फ्रिजवर चिकटवला होता. टीचरचा आवाज खरंच साधा होता. वर जाताना चिरकायचा. निळ्या बाजूला लिहिलं होतं, 'वेळेवर येते.' लाल बाजूला, 'गाते.'

सई ज्या गायिकेच्या मागे वेडी होती तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचा यात काही दोष नाही. त्या वर्षी तिचं एक गाणं सगळीकडे वाजत होतं. मॉलमध्ये, टॅक्सीत, आमच्या साइट ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा. सुरुवात खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. मग हळूहळू चढत जातं आणि शेवटी एक उंच सूर येतो, तो ती धरून ठेवते, ठेवते, ठेवते. तेवढ्या सुरासाठी लोक ते गाणं ऐकायचे. सई आरशासमोर उभी राहून तोच सूर लावायची.

टीचरनी त्या गाण्याला तीन शुक्रवार दिले. पहिला आवाज बंद करून. दुसऱ्या शुक्रवारी निळी बाजू. मुलांनी भराभरा सांगितलं आणि टीचरनी त्यात भर घातली: खालचे सूर ती ढकलत नाही, ठेवते, त्यामुळे ऊब येते. शब्द चावत नाही. ओळ कुठे तोडायची ते तिला कळतं. अर्थ संपतो तिथेच श्वास. तालाच्या किंचित मागून येते, घाई करत नाही. "ही मुलगी हुशार आहे," टीचर म्हणाल्या. "हिने कोणाचं तरी नीट ऐकलंय."

तिसऱ्या शुक्रवारी लाल. "आता तो तुमचा लाडका सूर," टीचर म्हणाल्या आणि व्हिडिओ तिथेच थांबवला. गायिकेची हनुवटी पुढे आलेली, मानेची शीर फुगलेली. "बघा. वर जायला जिना आहे. आवाज हलका करायचा, डोक्यात न्यायचा, आरामात पोचता. ही जिन्याने जात नाही. छातीचा जड आवाज घेते आणि दोरीवर चढल्यासारखी वर जाते. पोचते. पण हाताची सालटी निघतात. आणि सूर थरथरवते ना, सुंदर वाटतं ना? ती तो थरथरवत नाही. तो पडतोय, म्हणून ती झाकतेय."

"पण टीचर, शी इज द बेस्ट," सई म्हणाली. रडवेली झाली होती.

"बेस्टच आहे, राणी. म्हणून तर काळजी."

मग त्यांनी त्याच गायिकेचा नंतरचा एक कार्यक्रम लावला. तेच गाणं, पण खालच्या पट्टीत. शेवटचा सूर आला, तोही खाली, आणि तिने तो अगदी शांतपणे ठेवून दिला. मान सरळ, खांदे खाली. मी कधी मध्ये बोलायचो नाही. त्या दिवशी खुर्चीतून म्हणालो, "म्हणजे आवाज गेला तिचा."

टीचर माझ्याकडे वळल्या. "इंजिनियरसाहेब, बीमवरचा लोड कमी केला तर बीम गेला म्हणता का तुम्ही?"

पोरं हसली. मीही हसलो. पण पटलं नव्हतं. खाली आलं म्हणजे कमी झालं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. माझं सगळं आयुष्यच तसं मोजलेलं होतं: नाशिकहून पुणे, पुण्याहून दोहा, साइटवरून ऑफिस.

इथून पुढचं मी घरात कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या कंपनीला एका स्टेडियमच्या छताचं काम मिळालं. त्या आनंदात एका शुक्रवारी हॉटेलात सगळ्यांना सहकुटुंब जेवण ठेवायचं ठरलं. डायरेक्टरनी विचारलं, कुणाची मुलं गातात का? मी सईचं नाव सांगितलं आणि गाणं कुठलं तेही. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणाले, मला ते गाणं माहीत आहे, शेवटचा तो सूर लागेल तिला? मी म्हटलं, लागेल सर. हुबेहूब.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सईला सर्दी झाली. घसा बसला, मग थोडा सुटला. टीचरनी तिला दोन सूर लावायला सांगितले आणि लगेच थांबवलं. "गायचं नाही, असंच म्हणणार होते मी," त्या मला म्हणाल्या. "पण पोरीने एवढं मनावर घेतलंय. ठीक आहे. दोन पट्ट्या खाली. तेवढ्यात सुरक्षित आहे. त्याच्या वर केसभरही नाही." त्यांनी साथीचा ट्रॅक दोन पट्ट्या उतरवून घेतला, सईकडून त्यावर तीन दिवस फोनवरून हळू आवाजात सराव करून घेतला, आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. "कंपनी तुमची, साउंडवाला तुमचा. तुम्हीच द्या."

मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. पॅंटच्या खिशात दुसरा होता. त्यात मूळ पट्टीचा ट्रॅक होता. तो मी आदल्या दिवशी घरी भरून ठेवला होता. म्हणजे ऐन वेळी मोह झाला असं नाही. हॉटेलात साउंडच्या टेबलापाशी गेलो, पॅंटच्या खिशात हात घातला आणि तो दिला. फिलिपिनो मुलगा होता. "यल्ला सर, नो प्रॉब्लेम," म्हणाला.

पियानोच्या चार ठोक्यांनी गाणं सुरू व्हायचं. पहिल्याच ठोक्याला टीचर उभ्या राहिल्या. सईच्या आग्रहाने त्या आल्या होत्या, मागच्या टेबलावर वैशालीच्या शेजारी बसल्या होत्या. सईने स्टेजवरून थेट त्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा मला दिसला. रागावलेला नाही, घाबरलेलाही नाही, नुसता विचारणारा. टीचरनी दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले: खांदे खाली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. आलेख वाचायला जेवढा लागतो तेवढा.

सई गायली. सुरुवात टीचरनी शिकवलेली, शेवट त्या गायिकेचा. तो सूर लागला. हनुवटी पुढे, खांदे कानापाशी. सूर संपता संपता कापड टरकल्यासारखा बारीक आवाज आला, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. डायरेक्टरनी लांबून अंगठा दाखवला. मीही दाखवला.

दुसऱ्या दिवशी सईला आवाजच नव्हता. कुजबुजसुद्धा नाही. डॉक्टरनी घशात कॅमेरा घालून बघितलं. स्वरतंतूवर रक्त उतरलं होतं. दीड महिना बोलायचं नाही, म्हणाले.

संध्याकाळी वैशालीने टीचरना फोन लावला, स्पीकरवर. सई समोर वही-पेन घेऊन बसली होती. मी सोफ्यावर संत्रं सोलत होतो.

"टीचर, दोन पट्ट्या खाली तुम्हीच म्हणाला होतात ना? मग ट्रॅक तोच कसा वाजला?"

मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी संत्र्याची साल काढली होती, आता फोडींवरच्या शिरा काढत होतो.

"पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही होते," टीचर म्हणाल्या. "चुकून वरचा राहिला असेल. माझ्याकडूनच."

"चुकून?" वैशाली म्हणाली. "लेकरू आहे हो ते. तुम्हाला स्वतःचं नाही म्हणून..." आणि ती थांबली. वैशाली वाईट नाही. पण ते वाक्य बाहेर पडलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," टीचर म्हणाल्या. "पोरीला वाफ द्या. कुजबुजू देऊ नका, कुजबुजण्याने जास्त त्रास होतो."

मी शेवटची शीर काढली. संत्रं कुणीच खाल्लं नाही.

दीड महिन्याने सईचा आवाज परत आला. जरा जाड, पण आला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गायला हरकत नाही. ती गायली नाही. वैशालीने समजावलं, मी नाही. "शी चेंज्ड इट अँड डिडन्ट टेल मी," एवढंच ती एकदा म्हणाली. टीचरनी आपल्याला न सांगता पट्टी चढवली, आपली परीक्षा बघितली, असं तिने धरलं होतं. घशातली जखम भरून आली होती. हे नाही. आणि हे ज्याच्या एका वाक्याने भरलं असतं, तो समोर बसून पेपर वाचत होता. मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला समंजसपणा म्हणतात. मीही म्हणू दिलं.

वैशालीने मराठी मंडळींच्या ग्रुपवर टीचरचं नाव न घेता चार ओळी टाकल्या: मुलांचा क्लास निवडताना काळजी घ्या. नाव घ्यायची गरजच नव्हती. पाच मुलांची तीन झाली, मग एक, मग क्लास बंद. तेव्हा दोह्यात सगळ्याच गोष्टी 'वर्ल्ड कपच्या आधी' होणार असायच्या. रस्ते, बढत्या, स्वतःचं घर. मीही मनाशी ठरवलं होतं, वर्ल्ड कपच्या आधी सांगून टाकू.

वर्षभरानंतर दवाखान्याचा करार संपला आणि टीचर वसईला परत निघाल्या. मला उशिरा कळलं. मी मुऐदरला गेलो. जाताना गाडीत वाक्य पाठ केलं होतं. दोन खोल्यांत खोकी मांडलेली, कीबोर्ड कुणाला तरी देऊन टाकलेला. फ्रिजवरचा कागद अजून होता.

"टीचर, तो ट्रॅक..."

"खलास," त्या म्हणाल्या. "चहा घेणार? दुधाची पावडर आहे, दूध संपलं."

"मी बदलला होता."

"मला काय कान नाहीत?" त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. "चूक माझी पण झाली. उठले होते ना मी? तशीच स्टेजवर जाऊन बंद करायला हवं होतं. हॉटेलातल्या लोकांना लाजले. त्याचं मला वाईट वाटतं."

मी विचारलं, मग फोनवर खरं का नाही सांगितलंत? त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली.

"पोर समोर बसली होती ना तुमची? स्पीकरवर होता फोन, कळतं मला. तिला बाप एकच आहे. मास्तरणी चार मिळतील." मग पुढचं खोकं ओढत म्हणाल्या, "पण तिला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. घाई नाही, पण सांगा. पोरीला वाटतंय, मी तिला फसवलं. म्हणून ती गात नाही. घशाचा प्रश्न नाहीये तो."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

टीचर हसल्या. मोठ्याने, चर्चमध्ये हसू नये तसं. "हे खरं इन्शाल्ला, की ऑफिसातलं?"

आखातात राहिलेल्यांना हा फरक सांगायला नको. साइटवर एखाद्या कामाला कुणी ऑफिसातलं इन्शाल्ला म्हटलं, की ते काम कधीच होत नाही.

मी खोकी गाडीत ठेवली. विमानतळावर टीचरनी माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि खाली दाबले. आत गेल्या.

त्यानंतर मेट्रो सुरू झाली. आमचं छत पूर्ण झालं. सई शिकायला पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली. वर्ल्ड कप आला. कंपनीने तिकिटं दिली होती, मी आमच्याच छताखाली एक सामना बघितला. गोल झाला तेव्हा हजारो माणसांचे खांदे एकदम वर गेले. मी बसून होतो. वर्ल्ड कप संपला. वर्ल्ड कपच्या आधी जे करायचं ते राहिलं होतं.

मागच्या महिन्यात अल वक्र्याकडे जाणाऱ्या मेट्रोत टीचरबरोबर काम केलेली एक वसईची नर्स भेटली. टीचर गेल्या, म्हणाली. दोन वर्षं झाली. पोटाचा आजार होता. मी 'अरेरे' म्हटलं. माझं स्टेशन आलं, उतरलो. काही वाटलं नाही. घरी जाऊन जेवलोही.

चार दिवसांनी कपाटाच्या खणातून तो पेन ड्राइव्ह काढला. शर्टाच्या खिशातला. इतक्या वर्षांत फेकला नव्हता आणि लावलाही नव्हता. त्यात दोन ट्रॅक होते. दोन्ही उतरवलेले. एक स्टेजसाठी, एक सरावासाठी. वरच्या पट्टीचा त्यात कधी नव्हताच. 'दोन्ही होते' हेसुद्धा टीचर फोनवर खोटंच बोलल्या होत्या. सरावाचा लावला. आधी टीचरचा आवाज आला. "खांदे खाली, राणी. एक, दोन, तीन, चोरासारखा..." आणि पियानो सुरू झाला. मी शेवटपर्यंत ऐकलं. गायला कुणी नव्हतं.

मग सईला फोन लावला. ती ऑफिसातून निघत होती. मी सगळं सांगितलं. शर्टाचा खिसा, पॅंटचा खिसा, फोन, संत्रं. मुऐदर. टीचर गेल्या हेही. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता माझा. माझं सांगून संपलं. फोन कानाला घट्ट लावून मी ऐकत राहिलो. मागून कुठूनतरी रिक्षांचे हॉर्न येत होते. ती रडतेय का ते मला कळेना, कारण तिचा श्वास ऐकू येत नव्हता. अजिबात नाही. टीचरनी शिकवलेलं ती विसरली नव्हती.

"किती खाली होता ट्रॅक?" तिने शेवटी विचारलं.

"दोन पट्ट्या."

"दोन पुरल्या असत्या, बाबा," ती म्हणाली. आणि मग, "मला पाठवा तो. टीचरचा आवाज असलेला."

मी पाठवला.